हवेचं सस्पेन्शन आठ महिने वापरल्यावर: आकडा पीएसआयचा नाही, सॅगचा बघा

माझ्या सायकलला धक्के शोषणारं, हवेच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन आहे: पुढे १४० मिमी ट्रॅव्हलचा (चाक जास्तीत जास्त इतकं वर सरकतं) एअर फोर्क, मागे ५५ मिमी स्ट्रोकचा (शॉक स्वतः जास्तीत जास्त इतका दबतो) एअर शॉक. आठ महिने झाले, दगडधोंड्यांच्या वाटांवर आठवड्याला दोन-तीन फेऱ्या होतात. सायकल बदलायची इच्छा अजिबात नाही. पण यातले पहिले तीन महिने मी चुकीच्या सेटिंगवर चालवली, आणि तेच सविस्तर सांगायचं आहे.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. कोणत्या वजनाला किती हवा याचा तक्ता बघितला, त्यातला पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा पंपावर आणला आणि निघालो. तक्ता चुकीचा नसतो, पण तो फक्त सुरुवातीपुरता. खरं माप सॅगचं, म्हणजे आपण नुसते सायकलवर उभे राहिलो की सस्पेन्शन किती दबतं त्याचं. फोर्कला साधारण १५ ते २० टक्के, मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के. माझ्या फोर्कवर २० टक्के म्हणजे २८ मिमी. मागे मात्र चाकाचा ट्रॅव्हल नाही, शॉकचा स्ट्रोक धरायचा: ५५ च्या ३० टक्के, साडेसोळा मिमी. आणि मोजताना हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी सगळं अंगावर हवं. माझं वजन ७२ किलो, सगळा सरंजाम चढवल्यावर ७७. हे पाच किलो मी आधी धरलेच नव्हते.

मोजायची पद्धत सोपी आहे. नळीवरची रबरी ओ-रिंग बोटाने सीलपर्यंत खाली सरकवायची, भिंतीला कोपर टेकवून पेडलवर उभं राहायचं, न हिंदकळता उतरायचं आणि ओ-रिंग कुठे थांबली ते पट्टीने मोजायचं. दोन-तीनदा केलं की आकडा एकसारखा यायला लागतो.

हवा भरताना दोन गोष्टींनी मला उगाच घाबरवलं. पंप काढताना फुस्स होतं, ती हवा पंपाच्या नळीतली असते, शॉकमधली नाही. दुसरं म्हणजे मी एका दमात १८५ पीएसआय भरून शॉक दहा-बारा वेळा दाबला, आणि पंपावर आकडा बराच खाली दिसला. गळती समजून मी दुसऱ्या दिवशी दुकान गाठणार होतो. गळती नव्हती. शॉकमध्ये मुख्य कप्प्यासमोर एक निगेटिव्ह कप्पा असतो आणि शॉक दाबल्यावर थोडी हवा तिकडे जाते. आता पन्नास-पन्नासने भरतो, मध्ये शॉक हळूहळू काही वेळा दाबतो, मग आकडा टिकतो.

आता मुख्य चूक. लागोपाठ दगड असलेल्या उतारावर पहिले दोन-तीन दगड छान जायचे, पाचव्या-सहाव्याला फोर्क काठीसारखा कडक, मनगटं भरून यायची. कडक वाटतंय म्हणून पाच पीएसआय हवा काढली. आणखी वाईट झालं. पुन्हा काढली, पुन्हा तेच. दोष हवेत नव्हताच, रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर यायचा वेग, फार हळू होता. एका दगडाने दबलेला फोर्क वर यायच्या आत पुढचा दगड येत होता, त्यामुळे तो प्रत्येक ठोक्याला अधिक खाली बसत होता आणि शेवटी दबायला जागाच उरत नव्हती. हवा कमी केली की त्याला वर ढकलणारा जोरही कमी होतो, म्हणून मी जितकी हवा काढत होतो तितका तो जास्त रुतत होता.

हवा पुन्हा ७६ पीएसआयवर आणली आणि रिबाउंडची खुंटी पूर्ण बंदपासून ३ क्लिकवर होती ती ७ वर उघडली, म्हणजे रिबाउंड वेगवान केला. त्याच उतारावर फोर्क शेवटपर्यंत जिवंत राहिला. तेव्हापासून नियम केला: हवेला हात लावला की रिबाउंडही तपासायचा, आणि एका फेरीत एकच बदल. प्रत्येक बदल तारखेसह वहीत जातो. ही वही नसती तर मी अजून चाचपडत असतो.

उडी मारून उतरताना ओ-रिंग टोकापर्यंत जायची. त्यासाठी हवा न वाढवता आत एक स्पेसर, म्हणजे जागा भरणारा तुकडा, टाकला. त्याने कप्प्यातली जागा कमी होते, शेवटचा भाग लवकर घट्ट होतो आणि सुरुवातीचा मऊपणा जवळपास तसाच राहतो. टोपण उघडण्याआधी सगळी हवा सोडायची, यात हयगय नको.

त्रास आहेत. दर दोन आठवड्यांनी हवा बघावी लागते, कॉइलला, म्हणजे धातूच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या सस्पेन्शनला, ते नाही. थंडीत दाब उतरतो: ३० अंशांना भरलेला १८५ पीएसआयचा शॉक १० अंशांना सुमारे १३ पीएसआय कमी दाखवतो, म्हणून मी फेरीच्या जागी पोहोचूनच मोजतो. आणि पन्नास तासांची सर्व्हिस टाळू नका. माझ्या फोर्कच्या खालच्या नळ्यांतलं तेल काळपट निघालं, सीलखालचे फोम कोरडे पडले होते. नवं तेल पडल्यावर लहान खडीवरची ती बारीक थरथर, जी मी टायरची समजत होतो, हातापर्यंत यायची थांबली.