अ‍ॅसिडिक अ‍ॅल्युमिना कार्ट्रिज: हेक्साव्हॅलंट क्रोमियमसाठी बरेच महिने वापरल्यानंतर

आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये बुटीबोरी आणि हिंगण्याकडून प्लेटिंगचं सांडपाणी नेहमी येतं. अशा नमुन्यात क्रोमियम किती यापेक्षा कुठलं, जास्त विषारी हेक्साव्हॅलंट की कमी त्रासाचं ट्रायव्हॅलंट, हे महत्त्वाचं. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 प्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, हेक्साव्हॅलंट मात्र फक्त 0.1. हेक्साव्हॅलंटला जांभळट रंग आणून तो 540 नॅनोमीटरवर मोजायची डायफेनिलकार्बाझाइडची पद्धत चांगलीच आहे, पण पाण्याला स्वतःचाच रंग असला किंवा त्यात लोखंड जास्त असलं की आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दिवाळीपासून नमुना आधी 1 ग्रॅमच्या अ‍ॅसिडिक अ‍ॅल्युमिना कार्ट्रिजमधून, म्हणजे अ‍ॅल्युमिनाची पांढरी पूड भरलेल्या छोट्या नळीतून, काढतोय.

काम सरळ आहे. आम्लधर्मी पाण्यात अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागावर धन भार येतो. क्रोमेट, म्हणजे पाण्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, ऋण भाराचं, ते चिकटतं. ट्रायव्हॅलंट क्रोमियम आणि लोखंड धन भाराचे, ते खाली निघून जातात. नमुन्याचा पीएच आम्ही 3 ते 4 च्या दरम्यान आणतो. त्याहून फार खाली गेलं तर अ‍ॅल्युमिना स्वतःच विरघळायला लागतं, आणि सातच्या आसपास ट्रायव्हॅलंटही अडकायला लागतं. तीव्र स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं क्रोमेटचं द्रावण) ओतलं की पांढऱ्या थराच्या अगदी वरच्या टोकाला पिवळं कडं बसलेलं दिसतं. मग 1 मोलर अमोनिया सोडायचा. ते कडं हळूहळू खाली सरकतं आणि शेवटच्या थेंबांत उतरतं. 100 मिलीलीटर पाण्यातलं क्रोमेट 10 मिलीलीटरमध्ये येतं, त्यामुळे अगदी कमी प्रमाणही नीट वाचता येतं. मला ही कार्ट्रिज आवडली ती यासाठीच. वेग मात्र मिनिटाला एक-दोन मिलीलीटरच ठेवा. व्हॅक्यूम वाढवून घाई केली की रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत मिळणारं क्रोमेट, कमी होते.

आता त्रासाचं. सल्फेट आणि फॉस्फेट याच जागांसाठी भांडतात, आणि क्रोम प्लेटिंगच्या बाथमध्ये सल्फ्युरिक आम्ल असतंच. त्यामुळे काही नमुन्यांत क्रोमेट गळून खाली जातं, आणि नुसत्या आकड्यावरून ते कळतही नाही. आम्ही अशा वेळी दोन कार्ट्रिज एकाखाली एक लावतो. खालचीतून उतरलेल्या अमोनियाला डायफेनिलकार्बाझाइडने जांभळट रंग आला तर नमुना पातळ करून पुन्हा. प्रत्येक नव्या कारखान्याच्या पाण्यावर स्पाइक (माहीत प्रमाणात क्रोमेट) घालून ते परत मिळतं का हे पाहिल्याशिवाय अहवाल देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

याच कारणाने एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हेक्साव्हॅलंटचा नमुना 28 दिवस टिकवायला अमोनियम सल्फेटचा, 9.3 ते 9.7 पीएचचा बफर घालतात. तो नमुना या कार्ट्रिजवर चालणार नाही: सल्फेटही भरपूर, पीएचही उलटा. बफर न घालता 24 तासांची मुदत पाळायची. बुटीबोरी जवळ असल्याने आम्हाला ते जमतं. लांबच्या नमुन्यासाठी तर लॅबमधली मुलं जागेवरच गाळून, पीएच लावून, सिरिंजने कार्ट्रिजवर चढवून आणतात. पीएच लावल्यावर थांबायचं नाही, कारण आम्लात सेंद्रिय घाण क्रोमेटला ट्रायव्हॅलंट करून टाकते.

उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात अमोनियाची बाटली आधी थंड करून, फ्यूम हुडमध्येच उघडा. पावसाळ्यातल्या दमटपणाचं या कामात काही बिघडत नाही, सगळं पाण्यातच आहे. पण याच कार्ट्रिजवर हेक्सेनमध्ये कीटकनाशकांचं क्लीनअप (नमुन्यातली घाण काढणं) करणाऱ्यांनी उघडं पाकीट डेसिकेटरमध्ये ठेवावं; अ‍ॅल्युमिनाने ओल धरली की त्याची पकड बदलते.

कार्ट्रिज धुऊन पुन्हा वापरता येतात का, असं बरेच जण विचारतात. अमोनियानंतर सौम्य आम्लाने धुतल्या तर येतात, पण आम्ही त्या फक्त नव्या मुलांना शिकवायला ठेवतो. ऑर्डर देताना ‘अ‍ॅसिडिक’ स्पष्ट लिहा. न्यूट्रल आणि बेसिक दिसायला हुबेहूब तशाच असतात. नवा लॉट आला की आधी ब्लँक (क्रोमियम नसलेलं पाणी) आणि ओळखीचं स्टँडर्ड चालवतो, मगच ग्राहकाचा नमुना लावतो.