टी-५५ च्या पोटात काय निघालं

प्लास्टिकच्या मॉडेल टँकमध्ये मोटारी बसवून तो रिमोटवर चालता करून देतो असं सांगून पैसे घेणारा एक माणूस फोंडा, म्हापसा, डिचोली या भागात फिरतो. निदान गेल्या पावसाळ्यापर्यंत तरी फिरत होता. त्याचं नाव देत नाही. त्याने मला सांगितलेलं नाव एक आणि यूपीआयवर ज्या नावाने पैसे जमा झाले ते दुसरंच. त्या दुसऱ्या नावाचा माणूस कदाचित बिचारा निरपराधही असेल. पण फसवायची पद्धत सविस्तर सांगतो, कारण माणूस बदलला तरी पद्धत तीच राहील.

माझ्याकडे टामिया या जपानी कंपनीचा १/३५ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, टी-५५ टँक होता. १९७१ च्या युद्धात आपल्या लष्कराने हा टँक वापरला, म्हणून मुद्दाम घेतलेला. जोडून झाला होता, रंग बाकी होता. किटबरोबर आलेले चाकांवरचे पट्टे बाजूला ठेवून मी त्याला पांढऱ्या धातूचे पट्टे वेगळे आणले होते. एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या, प्रत्येक कडी तारेने ओवायची. ते काम ज्याने केलंय त्यालाच त्या पट्ट्यांची किंमत कळेल, पैशातली नव्हे.

हा माणूस ओळखीतून आला. शिगम्याच्या चित्ररथांवर हलते राक्षस बसवतो, माशेलच्या गणपतीच्या देखाव्यातही काम केलंय, असं सांगणारा. ते खरंही असेल. पण वायपरच्या मोटारीवर राक्षसाचा हात वरखाली करणं वेगळं आणि वीतभर टँकच्या पोटात दोन मोटारी बसवणं वेगळं. बोलण्यात मात्र हुशार. १/३५ हे माप कसं आलं ते त्याने मला सांगितलं: टामियाच्या जर्मन पँथर टँकच्या पहिल्या किटमध्ये मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ते ठरलं. ही गोष्ट खरी आहे. एक खरी गोष्ट पुढे ठेवली की मागच्या चार खोट्या आपोआप आत शिरतात.

त्याचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं, ते आजही माझ्याकडे आहे. धातूचे गिअर असलेल्या दोन छोट्या एन-२० मोटारी, त्यांना वीज पुरवून वेग सांभाळणारा डीआरव्ही ८८३३ ड्रायव्हर, रिमोटचे संदेश घेणारा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर, ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि ती फार उतरू नये म्हणून कट-ऑफ. एकूण १२,००० रुपये. ७,००० आधी, ५,००० टँक हातात आल्यावर. यादी वाचून कुणाचंही समाधान होईल, कारण यादी बरोबरच आहे. मी विचारलं, टँकच्या पोटात आडवी जागा जेमतेम पाच सेंटिमीटर, एन-२० गिअरबॉक्ससह अडीच सेंटिमीटर लांब, मग दोन मोटारी एका रेषेत कशा बसवणार? म्हणाला, ‘पात्रांव, ते माझ्यावर सोडा.’ काम येणारा माणूस इथे कागद काढून दाखवतो: मोटारी मागेपुढे ठेवायच्या आणि गिअरने ताकद मागच्या दातेरी चाकाकडे न्यायची, कारण टी-५५ ला ओढणारं चाक मागे असतं. जर्मन टायगर टँकला ते पुढे असतं. कुणी तुमच्या टँकचं काम घेत असेल तर निदान एवढं त्याला विचारा. उत्तर न देता पाठ थोपटली तर टँक उचला आणि घरी या.

मधल्या काळात त्याने एक व्हिडिओ पाठवला. टँक पुस्तकांच्या ढिगावर चढतोय, कॅमेरा चाकांच्या जवळ, रंग नाही, आवाज मस्त. नंतर थांबवून थांबवून बघितल्यावर उलगडा झाला. टी-५५ ला पाच चाकं आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात मोठी फट. व्हिडिओतल्या टँकला पुढची तीन चाकं जवळजवळ आणि फटी मागच्या चाकांमध्ये. तो टी-६२ होता. एका क्षणी तोफेची नळी दिसते, तिच्यावरचा धूर ओढणारा फुगवटाही टोकाशी नाही, मागे सरकलेला आहे. म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या तरी मेहनतीचा, कुठूनतरी उतरवून घेतलेला.

टँक ताब्यात देताना त्याने तो काचेच्या टेबलावर चालवला. पुढे गेला, मागे आला, डावीकडे वळला, आणि त्याला लगेच कळंगुटला गिऱ्हाईक गाठायचं होतं. वरचं आणि खालचं अंग प्लास्टिक सिमेंटने चिकटवून टाकलेलं. ‘धूळ जाऊ नये म्हणून.’ सगळी लबाडी त्या एका वाक्यात होती. आत बॅटरी असलेला टँक कायमचा चिकटवायचा नसतो. वरचं अंग स्क्रूवर किंवा छोट्या चुंबकांवर बसवतात, चार्जिंगचं सॉकेट बाहेर काढतात. माझ्या टँकला चार्जिंगची एक वायर ड्रायव्हरच्या झाकणातून लोंबत होती.

घरी चटईवर ठेवला तर जागचा हलेना. आत दात सटकल्याचा कटकट आवाज. रात्री बारीक करवतीने जोड कापला आणि आत जे दिसलं त्याला ही म्हणाली, ‘जत्रेतल्या गाडीचंच आतडं काढून घातलंय की!’ अगदी तेच. खेळण्यातला प्लास्टिकचा गिअरबॉक्स, त्यावर दोन स्वस्त मोटारी, २७ मेगाहर्ट्झचा बोर्ड आणि गुंडाळून ठेवलेली लांब अँटेना वायर. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची अँटेना तीन सेंटिमीटरच्या आसपास असते, एवढ्या वायरीचं त्यात काम काय! बॅटरी म्हणजे लिथियमचा एक सुटा सेल, सोल्डर नाही, संरक्षणाचं सर्किट नाही, वायरी पिळून चिकटपट्टी लावलेली. वायरी एकमेकींना टेकल्या असत्या तर तो सेल पेटलाही असता, आणि तोही चिकटवलेल्या डब्यात. पैसे गेल्यापेक्षा मला याचा राग जास्त आहे. कुणाच्या मुलाच्या हातात हे दिलं असतं तर?

रिमोटवर दोन स्टिक होत्या, दिसायला झकास. आत स्टिकखाली नुसती बटणं. थोडी ढकला नाही तर पूर्ण ढकला, वेग तोच. हे ताब्यात घेतानाच तपासता येतं: टँकला गोगलगायीच्या गतीने चालवून दाखव म्हणायचं. खरा टी-५५ जागच्या जागी गिरकी घेत नाही, एक पट्टा अडवून वळतो. पण मॉडेलला दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटार आणि मिक्सिंग, म्हणजे स्टिकप्रमाणे दोन्ही मोटारींचा वेग वेगवेगळा ठेवायची सोय, असेल तर हळू, मोठ्या वळणानेही जाता आलं पाहिजे. खेळण्याचा बोर्ड ते करूच शकत नाही. आणि परीक्षा काचेवर घेऊ नका, चटईवर किंवा अंगणातल्या मातीवर घ्या.

आता पट्टे. माझे धातूचे पट्टे गायब, जागी रंगवलेले प्लास्टिकचे. फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, पांढरा धातू मऊ, चालवला की झिजतो, म्हणून बदलले. धातू झिजतो हे खरं आहे, परत तीच चाल. मग माझे पट्टे परत दे म्हटलं, तेव्हापासून फोन बंद. म्हापशाला भाड्याची खोली होती, ती रिकामी. डिचोलीच्या माझ्या एका मित्राच्या टायगरचंही असंच झालं, त्याची तोफेची धातूची नळी गेली.

तक्रारीचं थोडक्यात. पैसे ऑनलाइन उकळून कुणी पळाला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. काम निकृष्ट असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अडचण एकच, समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधीच सहीची पावती घ्या, त्यावर प्रत्येक भाग नावाने लिहून घ्या आणि स्वतःच्या वस्तूंचे जवळून फोटो काढून ठेवा.

माझ्याकडे असा एक फोटो आहे. उजव्या पट्ट्यातल्या एका कडीचं भोक मोठं झालं होतं, म्हणून तिथे तारेऐवजी जाड पितळी पिन ठोकलेली आहे, बाहेरून चमकते. गोव्यात किंवा सावंतवाडीकडे कुणी टी-५५ चे जुने धातूचे पट्टे विकायला काढले आणि त्यात ही पिन दिसली, तर पैसे देऊ नका. फोटो आणि विकणाऱ्याचा नंबर जपून ठेवा आणि मला कळवा.