मधलं मॉडेल की टॉप मॉडेल? गाडीतल्या कप्प्यांचा आणि सोयींचा हिशेब

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हसाठी जी गाडी उभी असते ती बहुतेक वेळा टॉप मॉडेल असते. सनरूफ, वायरलेस चार्जर, गार होणारा ग्लोव्ह बॉक्स, पुढेमागे सरकणारं आर्मरेस्ट, सगळं तिच्यात असतं. बुकिंग मात्र आपण मधल्या मॉडेलचं करतो. मग डिलिव्हरीच्या दिवशी लक्षात येतं की सीटच्या पाठीमागचा खिसा एकाच बाजूला आहे, पार्सल ट्रे (डिकीवरचा आडवा फळा) ॲक्सेसरीत मोडतो आणि मागची सीट अर्धी पडत (म्हणजे तिची पाठ पुढे आडवी होत) नाही, पडली तर अख्खीच पडते.

तेव्हा प्रश्न असा: लाख-दोन लाख वर घालून टॉप मॉडेल घ्यायचं, की मधलं घेऊन उरलेल्या पैशांतले थोडे पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या ॲक्सेसरीच्या बाजारात, खर्च करून हवं ते बसवून घ्यायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. जे पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या साच्यातून येतं ते कंपनीकडूनच घ्यावं, कारण खिसा, कप्पा, पडणारी सीट, डिकीचं तोंड या गोष्टी कुठलाही ॲक्सेसरीवाला नंतर देऊ शकत नाही. जे वायरने जोडलं जातं त्यातलं बरंचसं नंतर होतं. याला अपवाद आहेत आणि ते महागाचे आहेत, पण त्याआधी गाडीचा आकार ठरवायला हवा. आकार चुकला तर कुठलंही मॉडेल ती चूक भरून काढत नाही.

तेच ३८२ लिटर

मारुतीची नवी सेडान डिझायर आणि टाटांची एसयूव्ही नेक्सॉन घ्या. कागदावर दोघींची डिकी ३८२ लिटरची. पण वापरात दोन्हींचा काही संबंध नाही.

डिझायरची डिकी बंद पेटी आहे. हिंजवडीहून सुटल्यावर लॅपटॉपची बॅग डिकीत टाकून बाणेरला जेवायला थांबलात, तर बाहेरून कुणाला काही दिसत नाही. काच फोडून बॅग पळवण्याचे प्रकार शहरात होतात, त्यामुळे हा मुद्दा मी बराच वर ठेवतो. (बॅग डिकीत टाकायची ती निघतानाच. हॉटेलसमोर येऊन डिकी उघडली तर बघणाऱ्याला पत्ताच मिळतो.) कोकणातून येताना सुके बोंबील आणले तर वासही बराचसा मागेच राहतो. तोटा असा की डिकीचं तोंड लहान आणि मागची सीट पडत नाही. मुलाची सायकल किंवा होस्टेलवरची गादी आली की सेडान हात वर करते. होंडाच्या अमेझची डिकी ४१६ लिटरची, तीही अशीच, सीट न पडणारी. पडणारी सीट आणि मोठी डिकी दोन्ही हवं असेल तर स्कोडाच्या स्लाव्हियासारख्या मोठ्या सेडानकडे जावं लागतं. तिची ५२१ लिटर आहे, पण मग बजेटही त्या पंक्तीत जाऊन बसतं.

नेक्सॉनचं उलट. मागचं दार वरपर्यंत उघडतं, ट्रे काढला की उंच वस्तू उभी राहते, आणि सीट ६०-४० अशी पडणारी असेल तर एका बाजूला लांब सामान ठेवून दुसऱ्या बाजूला माणूस बसू शकतो. गणपतीच्या आदल्या दिवशी याचा खरा उपयोग कळतो. बाप्पाला डिकीत बसवायची कल्पना घरात कुणी ऐकूनही घेणार नाही, बाप्पा मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवरच येणार. पण मखर, चौरंग आणि फुलांच्या पिशव्या कुठे जाणार? एक बाजू पाडलेल्या सीटवर. मात्र ट्रे घरी राहिला की डिकीतलं सगळं काचेतून दिसतं, आणि बोंबलांचा वास थेट पुढच्या सीटपर्यंत येतो.

लिटरच्या आकड्यांवर फार विसंबूही नये. काही आकडे पार्सल ट्रेपर्यंतचे असतात, काही छतापर्यंतचे. एक्स्टर ३९१, पंच ३६६, ब्रेझा ३२८, फ्रॉन्क्स ३०८ अशी यादी पाठ करण्यापेक्षा डिकीच्या दोन चाकांमधली रुंदी आणि उंबरठ्याची उंची टेपने मोजा. आंब्याची लाकडी पेटी आडवी बसते की उभी करावी लागते ते त्या रुंदीवर ठरतं, आणि ती उचलताना कंबर काय म्हणेल ते उंबरठ्यावर.

सीएनजी घेणार असाल तर डिकीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडा. जुन्या पद्धतीत एक मोठी टाकी डिकीत आडवी असते, उरलेल्या जागेत दोन मऊ बॅगा कोंबता येतात, सूटकेस नाही. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एकाऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या. पेट्रोल अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटरची होती, सीएनजीत २१० उरली, पण ती सपाट आणि वापरण्याजोगी उरली. नेक्सॉन सीएनजीत ३२१ लिटर मिळतात. २०२४ मध्ये ह्युंदाईने एक्स्टरला दोन टाक्या दिल्या, आणि मारुतीने २०२५ च्या व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखालीच नेली. या सगळ्यांत विक्रेत्याला एक प्रश्न विचाराच: स्टेपनी कुठे आहे, आणि आहे का? अल्ट्रोझमध्ये ती गाडीखाली लटकते. भर पावसात वरंध घाटात पंक्चर झालं की या उत्तराची किंमत कळते.

सात सीटवाल्यांबद्दल थोडक्यात. तिन्ही रांगा भरल्या की एर्टिगात २०९ लिटर उरतात, ट्रायबरमध्ये ८४. म्हणजे सात माणसं किंवा सात माणसांचं सामान, दोन्ही नाही. ट्रायबरची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते, मग ६२५ लिटर मिळतात, आणि पुण्यात पाच माणसांच्या घराला एरवी तेच पुरतं. टपावर कॅरियर लावायचा विचार असेल तर आधी सोसायटीच्या स्टॅक पार्किंगची (एकावर एक गाड्या ठेवतात त्याची) उंची विचारा.

हाताशी असलेली जागा

डिकी महिन्यातून चार वेळा नीट वापरली जाते. दाराचा खिसा रोज लागतो, आणि ब्रोशरमध्ये त्याला फारतर एक ओळ मिळते.

पहिली परीक्षा पाण्याच्या बाटलीची. एक लिटरची स्टीलची बाटली दारात उभी राहते का, आणि दार लावल्यावर आपल्या मांडीला किंवा सीटच्या लिव्हरला लागते का? बाटली बसली नाही की ती शेजारच्या सीटवर जाते, आणि तिथून पहिल्या कचकन ब्रेकला खाली. ड्रायव्हरच्या पायात गेली आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर तो अपघातच. गाडीतल्या साध्या खिशाला मी सुरक्षेची गोष्ट मानतो ती यासाठी. पार्सल ट्रेवर जड वस्तू ठेवू नये हेही त्याच कारणाने: जोरात ब्रेक लागला की ती पुढे बसलेल्यांच्या डोक्याकडे येते.

दुसरी छत्री. जून ते सप्टेंबर ओली छत्री कुठे ठेवायची याचा विचार फार थोड्या कंपन्या करतात. नेक्सॉन २०१७ साली आली तेव्हा पुढच्या दारात छत्रीची खास जागा होती, आणि पुण्यातल्या माणसाला ती सनरूफपेक्षा जास्त उपयोगाची वाटायला हवी होती. बाजार मात्र सनरूफकडे गेला. सनरूफमुळे काही गाड्यांत डोक्यावरची जागा आक्रसते, उंच माणसाने मागे बसून बघावं.

ग्लोव्ह बॉक्सचं महत्त्व आता कमी झालंय. २०१८ पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं चालतात, तेव्हा आरसी-इन्शुरन्सची जाडजूड फाइल तिथे कोंबायची गरज नाही. थंड ग्लोव्ह बॉक्सबद्दल मात्र गैरसमज फार. तो फ्रीज नाही, एसीच्या हवेची एक नळी तिकडे वळवलेली असते. एसी चालू असेपर्यंत पाण्याची बाटली गार राहते, चॉकलेट वितळत नाही. इन्सुलिनसारखं औषध त्याच्या भरवशावर ठेवू नये, कारण गाडी तासभर एप्रिलच्या उन्हात उभी राहिली की तो कप्पाही तापतो.

दोन सीटच्या मधल्या जागेत खरा फरक हँडब्रेकमुळे पडतो. इलेक्ट्रिक (बटणाने लागणारा) पार्किंग ब्रेक असेल तर दांडा जातो आणि तिथे पाकीट, चष्मा, सुट्ट्या नोटा ठेवायला चांगली खोलगट जागा होते. दांडा असेल तर आर्मरेस्ट त्याच्या वर येतं, आणि मॅन्युअल गाडीत गिअर टाकताना कोपर अडतं. आर्मरेस्ट मागे सरकणारं किंवा पूर्ण वर उचलता येणारं असावं. बाजारातलं आर्मरेस्ट-बॉक्स घेणार असाल तर ते कशात अडकवतात ते आधी बघा. बऱ्याचदा ते कप होल्डरमध्येच घुसवतात, म्हणजे एक जागा मिळवायला दुसरी गेली.

वायरवरच्या सोयी: कंपनी की नाना पेठ

वायरलेस चार्जरसाठी मी वरचं मॉडेल घेणार नाही. मे महिन्यात डॅशबोर्डवर ऊन, फोनवर नकाशा चालू, त्यात वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि खाली चार्जरची उष्णता. फोन तापतो आणि चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. जाड कव्हर असेल तर आणखी कटकट. शिवाय जिथे हा चार्जर देतात ती जागा खालच्या मॉडेलमध्ये साधा ट्रे असते, आणि ट्रेमध्ये काहीही ठेवता येतं. चांगली टाइप-सी वायर यापेक्षा भरवशाची. पण बारा व्होल्टचं गोल सॉकेट आहे ना, तेवढं बघा. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप त्याच्यावर चालतो, यूएसबीवर नाही.

रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, आपोआप अंधुक होणारा आरसा, पायापाशी दिवे ही कामं बाहेर नीट होतात. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे तेवढ्यासाठीही वर जायची गरज नाही. अट एकच: कंपनीची वायर कापायची नाही, कपलरला कपलर (प्लगला प्लग) जोडणारं किटच घ्यायचं. वायर कापली की त्या भागाच्या वॉरंटीवरून वाद होतो, आणि वादात ग्राहकाची बाजू लंगडी असते. सीट कव्हर घेतानाही सांभाळा. सीटच्या कडेत एअरबॅग असेल तर तिथे फाटून उघडणारी शिवण असलेलंच कव्हर हवं. जाड लेदरेटचं सरसकट कव्हर त्या एअरबॅगच्या आड येतं.

आता अपवाद. मागच्या सीटला एसीचा झोत नंतर बसवता येत नाही. आई-वडील मागे बसणार असतील तर यासाठी वरचं मॉडेल घ्यायला हरकत नाही. वरखाली आणि पुढेमागे दोन्हीकडे सरकणारं स्टिअरिंग, ड्रायव्हर सीटची उंची, मागचा वायपर, डीफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा) यांचंही तेच. ताम्हिणीत जुलैत मागची काच धुकटली की वायपर आणि डीफॉगर चैनीचे वाटत नाहीत. ऑटो होल्डसाठीसुद्धा मी पैसे मोजेन. सिग्नलला पाय ब्रेकवरून उचलला तरी गाडी जागची हलत नाही, बोपदेव घाटाच्या चढावर रांगेत अडकलात की घोट्याला लागलीच फरक जाणवतो. ३६० अंशांचा कॅमेरा हवाच असेल तर कंपनीचाच.

बिनचावीची एंट्री ही सोय चांगली, पण आधी माहिती करून घ्या. रिमोटच्या पोटात धातूची चावी असते, ती कशी काढायची ते डिलिव्हरीच्या वेळी करून बघा. सेल मेला तर बऱ्याच गाड्यांत स्टार्ट बटणाला रिमोट टेकवला की गाडी सुरू होते. सेल साधा गोल, बहुतेक सीआर२०३२, घरात एक जास्तीचा असू द्या.

कुणी काय घ्यावं

एकट्याने रोज हिंजवडी किंवा खराडी करणाऱ्याने ऑटोमॅटिक मधलं मॉडेल घ्यावं, शक्य असेल तर ऑटो होल्डसह, आणि सनरूफचा नाद सोडावा. लॅपटॉप रोज सोबत असेल आणि सायकल-गादी असलं काही नसेल तर सेडानला पसंती. लहान मूल आणि आजी-आजोबा असलेल्या घराने पडणाऱ्या सीटची एसयूव्ही बघावी, आणि मागचा एसी, दोन्ही पाठींवर खिसे, मागचा वायपर हे तिन्ही ज्या मॉडेलपासून मिळतं तिथे थांबावं. खिसे दोन्ही लागतातच, घाटात उलटीच्या पिशव्या हाताशी नसल्या तर काय होतं ते आईबापांना सांगायला नको. सीएनजीवाल्यांनी दोन टाक्यांची किंवा पोटाखाली टाकी असलेलीच गाडी घ्यावी, तीही आपली सूटकेस आत घालून बघितल्यावर.

शोरूममध्ये जाताना बाटली, डबा, लांब छत्री, कव्हरसकट फोन आणि मोजायचा टेप घेऊन जा, लहान मूल असेल तर त्याची सीटही. टेस्ट ड्राइव्ह झाल्यावर ज्या मॉडेलचं बुकिंग करणार आहात तीच गाडी यार्डात उघडून दाखवायला सांगा. ती नसेल तर ब्रोशरमधल्या मॉडेलनिहाय तक्त्यात ६०-४० सीट, पार्सल ट्रे, पाठीचे खिसे आणि मागचा एसी या चार ओळींवर पेनाने खूण करा आणि सेल्समनकडून त्याच कागदावर सही घ्या.