स्क्रॅमजेट की ग्लायडर? एम.टेक.चा विषय ठरवताना

हायपरसॉनिकवर काहीतरी करायचं, इथवर तुमचं ठरलंय. अडलंय ते पुढे: स्क्रॅमजेटवर, म्हणजे आवाजाहून वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणाऱ्या स्वतःच्या इंजिनावर, उडणारं यान घ्यायचं, की रॉकेटने उंचावर नेऊन सोडलेला बिनइंजिनाचा ग्लायडर? निदान वेगाला भुलून ठरवू नका. हायपरसॉनिक म्हणजे मॅक ५ च्या पुढे, आवाजाच्या पाचपट वेगापलीकडे; तिथे दोन्ही जातात. लांब पल्ल्याची जुनी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रंही कित्येक दशकं मॅक २० च्या आसपास येतायत. पण त्यांची वाट आधी गणिताने काढता येते. हे दोघे मध्येच वळतात. लष्करांची झोप उडाली ती त्यामुळे.

स्क्रॅमजेटचं दुखणं जाळाचं. हवा इंजिनातून मिलिसेकंदांत पार होते; तेवढ्यात इंधन मिसळून पेटलं पाहिजे आणि यानाला रेटाही मिळाला पाहिजे. अमेरिकेच्या एक्स-५१ए या प्रायोगिक स्क्रॅमजेट यानामध्ये आधी इथिलीनवर पेटवायचं आणि मग जेपी-७ या इंधनावर न्यायचं, अशी रचना होती. २०११ मध्ये इथिलीनवर इंजिन पेटलं, पण जेपी-७ वर येताना सगळं बिनसलं. २०१२ मध्ये तर शेपटीचा एक पंख बिघडला आणि इंजिन पेटवायची वेळच आली नाही. १ मे २०१३ ला जमलं: मॅक ५.१, इंजिन साधारण साडेतीन मिनिटं चाललं. आपल्या डीआरडीओच्या एचएसटीडीव्ही या चाचणी-यानाचं स्क्रॅमजेट इंजिन ७ सप्टेंबर २०२० ला वीसेक सेकंद चाललं, मॅक ६ च्या घरात.

ग्लायडर सोपा वाटतो, कारण त्यात पेटवायचं काही नाही. डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेचा एचटीव्ही-२ ग्लायडर मॅक २० ने जाणारा होता. २०१० आणि २०११, दोन्ही वेळा साधारण नऊ मिनिटांनी संपर्क तुटला. दुसऱ्या खेपेला तर त्याचं बाहेरचं आवरण अंदाजापेक्षा जास्त सोलवटलं.

उष्णता काय करते ते पाहायला मात्र मी मुलांना एक्स-१५ हे अमेरिकेचं रॉकेट-विमान दाखवतो. ३ ऑक्टोबर १९६७, वैमानिक पीट नाइट, मॅक ६.७. पोटाखाली रॅमजेट या जेट इंजिनाची नुसती डमी लावली होती. तिच्यामुळे उठलेल्या आघातलहरी जिथे आदळल्या, तिथे खालच्या पंखाला जळून भोकं पडली आणि डमी उतरण्याआधीच गळून पडली. ते विमान पुन्हा कधी उडलं नाही.

माझं मत सांगतो. हाताशी दीड वर्ष असेल तर ग्लायडर घ्या, त्यातही उष्णतेचा भाग. स्क्रॅमजेटच्या ज्वलनाचं रसायनशास्त्र संगणकावर मांडता मांडता दोन सत्रं सहज खाऊन टाकेल, आणि ते दीर्घकाळ जाळून बघायची सोय हैदराबादच्या डीआरडीएल या डीआरडीओच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी आहे, कॉलेजात नाही. उष्णतेसाठी ज्यात वेगवान हवेचा झोत काही मिलिसेकंदच टिकतो असा चाचणीचा बोगदाही पुरतो. आयआयटी कानपूरला २०२४ मध्ये तसा एक २४ मीटर लांबीचा उभा राहिला. नाव ठेवलंय ‘जिगरथंडा’! पीएचडी करायचीच असेल तर खुशाल स्क्रॅमजेट. दोघांनाही वर न्यायला रॉकेट लागतंच, आणि त्यातल्या घन इंधनासाठी पुण्यातच पाषाणला एचईएमआरएल ही डीआरडीओची प्रयोगशाळा आहे.

प्रबंधात लष्करी परिणामांवर एक प्रकरण लिहालच. तिथे ‘अदृश्य’ हा शब्द टाळा. पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीवरच्या रडारला ग्लायडर उशिरा दिसतो हे खरं, पण दीडदोन हजार अंशांना तापलेली वस्तू उपग्रहावरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यापासून लपत नाही. खरी धास्ती वेगळीच: आत अण्वस्त्र आहे की साधा स्फोटक, आणि तो नेमका कुठल्या शहराकडे वळेल, हे समोरच्याला शेवटच्या काही मिनिटांपर्यंत कळत नाही.