सात रस्त्याजवळचे पेटंट सल्ला कार्यालय: ग्राहकाचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्याने ओएलईडी पडद्यावरील चकाकी कमी करणारी बहुस्तरीय फिल्म तयार केली, तेव्हा पेटंट अर्जासाठी आम्ही सात रस्त्याजवळच्या एका एजंटाकडे गेलो. रेषीय ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म) आणि पाव-तरंग पट्टी (प्रकाशाच्या दोन घटकांत पाव तरंगलांबीचा फरक पाडणारा थर) यांचे अक्ष ४५ अंशांत ठेवले की बाहेरचा प्रकाश आतील धातूच्या थरावरून परतताना अडतो, हे तत्त्व जुनेच असल्यामुळे पेटंट कार्यालयाच्या परीक्षण अहवालात नावीन्यापेक्षा कल्पकतेबाबत (म्हणजे हे जाणकाराला सहज सुचण्यासारखे आहे का, याबाबत) आक्षेप येईल, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि नेमके तसेच झाले.

प्रत्येक थर आधीपासून ज्ञात असताना केवळ रचना बदलण्यात कल्पक काय, असा आक्षेपाचा रोख होता. उत्तरात युक्तिवाद वाढवण्याऐवजी त्यांनी आमच्याकडून थरांची जाडी आणि परावर्तनाची तुलनात्मक मोजमापे मागितली, तसेच अर्जासोबतच्या मूळ तपशिलात नसलेली गोष्ट दाव्यांत (नेमके कशाला संरक्षण हवे ते सांगणाऱ्या भागात) नंतर घुसवता येत नाही, हे पेटंट कायद्याचे कलम ५९ उघडून दाखवले. अर्ज करण्यापूर्वीच हे समजले असते, तर आम्ही चिकट थराची माहिती अधिक सविस्तर दिली असती.

तक्रार एवढीच, की उत्तरासाठी सहा महिन्यांची मुदत असताना पहिला मसुदा पाचव्या महिन्यात हाती आला आणि त्यात ‘अपवर्तन’च्या जागी ‘परावर्तन’ छापलेले होते. आकृत्यांचे शुल्कही आधी न सांगता वेगळे लावले. सुनावणी व्हिडिओवर झाल्याने मुंबईची फेरी मात्र वाचली.