पोर्टलंडची मतदार पुस्तिका आणि मतपत्रिका : नागपूरच्या मतदाराने केलेले परीक्षण

महापालिकेची निवडणूक ही नागरिकांना मिळणारी एक सेवाच आहे आणि तिचा खर्चही नागरिकच उचलतात. त्यामुळे इतर सेवांप्रमाणे तिचेही परीक्षण व्हायला हरकत नसावी. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेल्या आमच्या भाचीने नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीची मतदार पुस्तिका नागपूरला येताना सोबत आणली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी आपल्या महापालिकेसाठी मतदान झाल्यावर ती पुन्हा नीट वाचण्याचा योग आला. पोर्टलंडची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील नागपूरच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक.

पुस्तिका दिसायला साधी आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर बारीक टायपात छापलेली ही जाडजूड वही मतदानाच्या काही आठवडे आधी टपालाने घरोघरी येते. प्रत्येक उमेदवारासाठी सारखाच साचा ठरलेला आहे : सध्याचा व्यवसाय, आधीची कामे, शिक्षण, शासकीय कामाचा पूर्वानुभव आणि त्याखाली उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत केलेले निवेदन. मातब्बर असो की नवखा, ज्याने निवेदन दिले त्याला जागा तेवढीच मिळते. पोर्टलंडच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नसते, त्यामुळे मतदाराला ही पाने वाचण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. निवडणुकीच्या दिवसांत भोंगे लावलेले ऑटो आणि चौकाचौकांतले फलक यांतून उमेदवाराचा चेहरा आणि चिन्ह यांपलीकडे काहीही हाती न लागणाऱ्या आपल्यासारख्यांना ही चैनच वाटेल.

तरीही पुस्तिकेला पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. निवेदनातील मजकुराची खातरजमा केलेली नाही, असे तिच्यातच स्पष्ट छापलेले आहे, म्हणजे थापांना मोकळे रान आहे. आपल्याकडे उमेदवाराला मालमत्ता, कर्जे आणि गुन्हेगारी प्रकरणे यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि त्याचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर लावण्याची पद्धत आहे. पोर्टलंडच्या पुस्तिकेत मात्र यातले काही नाही. तिकडचा उमेदवार आपण काय करणार ते सांगतो आणि इकडच्या उमेदवाराला आपल्याजवळ काय आहे ते सांगावे लागते. शहाण्या मतदाराला दोन्ही कळायला हवे.

मतपत्रिका हा या सेवेचा दुसरा भाग आहे. ओरेगनच्या मतदारांनी १९९८ मध्ये टपाली मतदानाच्या बाजूने कौल दिला आणि तेव्हापासून तेथे मतपत्रिका घरीच येते. ती भरून, पाकिटावर सही करून टपालात किंवा रस्त्यावरच्या पेटीत टाकायची असते, आणि तिकिटाचे पैसेही लागत नाहीत. सही जुळली नाही तर कार्यालय मतदाराला कळवते आणि मतदानाच्या दिवसानंतर २१ दिवसांपर्यंत चूक दुरुस्त करू देते. यादीत नाव सापडत नाही म्हणून या केंद्रावरून त्या केंद्रावर उन्हात फिरलेल्या माणसाला या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

खरी गंमत मात्र पसंतीक्रमात आहे. उमेदवारांच्या नावांसमोर सहा रकाने असतात आणि मतदाराने पहिल्यापासून सहाव्या पसंतीपर्यंत एकेक गोल भरायचा असतो. एकच पसंती दिली तरी मत वैध ठरते. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात मतदान केलेल्यांना हा प्रकार परका वाटणार नाही, कारण तेथेही आपण आयोगाच्या जांभळ्या स्केच पेनने १, २, ३ असे आकडे लिहीतच असतो. डिसेंबर २०२० च्या त्या निवडणुकीत तेव्हाचे महापौर संदीप जोशी हे अभिजित वंजारी यांच्याकडून पराभूत झाले होते, हेही अनेकांना आठवत असेल. पोर्टलंडच्या महापौरपदासाठी १९ उमेदवार होते. मालवाहतुकीच्या व्यवसायातले कीथ विल्सन पसंतीच्या फेऱ्यांनंतर निवडून आले.

नगर परिषदेच्या जागांची मोजणी अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. शहराचे चार भाग आहेत आणि प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात; मात्र या तीन जागांसाठी लढत एकच असते. एक चतुर्थांशाहून एक मत जास्त मिळाले की उमेदवार निवडून येतो, त्याची जादा मते कमी मूल्याने पुढच्या पसंतीकडे जातात, आणि तळाचा उमेदवार बाद होऊन त्याचीही मते वाटली जातात. आपल्या चार सदस्यांच्या प्रभागात याच्या उलट घडते : अ, ब, क आणि ड या चार स्वतंत्र लढती असतात आणि मतदार चार बटणे दाबतो. प्रभागात तीस टक्के लोकांचा पाठिंबा असलेला गट चारही लढतींत दुसरा राहून रिकाम्या हाताने परत जाऊ शकतो. पोर्टलंडमध्ये त्याला एक जागा हमखास मिळाली असती. २०१७ मध्ये नागपुरात १५१ पैकी १०८ जागा एकाच पक्षाला मिळाल्या, त्यामागे त्या पक्षाची ताकद होतीच, पण या रचनेचा हातभारही होता.

मतपत्रिकेचा दोष सांगायचा तर गर्दीचा. दोन भागांत प्रत्येकी ३० उमेदवार होते, आणि तीस ओळी व सहा रकाने यांचे ते कोष्टक पाहून मतदार बिचकला तर त्याला दोष देता येणार नाही. बऱ्याच जणांनी नगर परिषदेचा भाग कोराच सोडला होता. भाचीचे म्हणणे असे की पहिल्या तीन पसंती पुस्तिका वाचून ठरल्या, त्यापुढे मात्र नाव ओळखीचे वाटले म्हणून गोल भरला. सदस्यसंख्या १२, म्हणजे सम ठेवणेही अंगलट आले : जानेवारी २०२५ मध्ये परिषदेचा अध्यक्ष निवडायला मतदानाच्या नऊ फेऱ्या लागल्या.

या साऱ्यात सर्वात जास्त हेवा वाटतो तो वेळेच्या शिस्तीचा. १९१३ पासून चालत आलेली कारभाराची पद्धत बदलण्यास पोर्टलंडच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली, दोन वर्षांत नव्या सीमा आखल्या गेल्या आणि ठरल्या दिवशी मतदान झाले. त्याच काळात, मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे, नागपूर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता.

पसंतीक्रम आणायचा तर कायदा बदलावा लागेल आणि तो बदलण्याची घाई कोणत्याच मोठ्या पक्षाला असणार नाही. पुस्तिकेचे तसे नाही. आपल्या ३८ प्रभागांसाठी ३८ पातळ पुस्तिका छापता येतील : एका बाजूला उमेदवाराच्या शपथपत्राचा गोषवारा आणि दुसऱ्या बाजूला त्याचे निवेदन, मराठीत आणि हिंदीत. मतदार चिठ्ठी घरी येते त्याच माणसाच्या हाती ती देता येईल, आणि उमेदवाराकडून छपाईचे शुल्क घेण्याचेही कारण नाही.