दीड टनाचा स्प्लिट एसी, दहा महिन्यांनंतर : मशीन बरं आहे, पाइपाचं तेवढं बघा

परवा रात्री तीन महिन्यांनी एसी लावला आणि पहाटे चारला उशीवर टप्प. झोपेतच बायकोला विचारलं, पाऊस आला काय गं. मार्चमध्ये कुठला पाऊस. दिवा लावून बघतोय तर एसीच्या इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातनं थेंब, खाली भिंतीवर ओघळ, आणि ओघळ कुठं, तर ऑगस्टमध्ये पुट्टी मारून घेतलेल्या त्याच जागेवर. तिथंच ठरवलं की हे आता लिहूनच टाकायचं, नाहीतर हे सगळं मी रोज बायकोला ऐकवत बसणार आणि तिला ते पाठ झालंय.

मशीन नेहमीचंच, दीड टन, फाइव्ह स्टार, इन्व्हर्टर, आर-३२ गॅस, सगळ्यांना माहीत असलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मशीननं मला काही त्रास दिलेला नाही. त्रास दिला बसवणाऱ्यांनी, आणि ती पोरं आज या कंपनीचा बसवतात, उद्या त्या.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. दगड-मातीच्या दीड फुटी भिंती, वर पूर्वी मंगळुरी कौलं होती. अडीच हजार फुटांवरचं गाव, एसी कशाला पाहिजे बेळगावात, असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे आणि कौलं होती तोवर ते खरंही होतं. २०१८ ला कौलं काढून स्लॅब टाकला आणि वरच्या खोलीचा तवा झाला. सहा उन्हाळे गच्चीवर पाणी मारून, पांढरा रंग देऊन काढले. सातव्याला हरलो.

एप्रिल २०२५ मध्ये घेतला, ३८ हजाराला. दुकानवाला म्हणाला चोवीस तासात माणूस येतोय. आला बारा दिवसांनी. मधे वैशाखातली आपली शिवजयंती आली, चित्ररथाच्या रात्री अख्खं गाव रस्त्यावर असतंय, तेव्हा येणार नाही हे मलाही कळतंय, पण उरलेल्या दिवसांचं काय? बारा दिवस खोक्यावर कपडे वाळत घातले आम्ही.

आणि ते ‘फ्री इन्स्टॉलेशन’. फ्री म्हणजे तो माणूस जिना चढून वर येणार तेवढं फ्री. बाहेरच्या युनिटचा स्टँड ७५०, कॉपर पाइप किटबरोबर तीन मीटर येतो आणि आमचं अंतर भरलं साडेपाच, म्हणजे अडीच मीटर जादा, मीटरला ९०० प्रमाणे २२५०, भिंतीला भोक पाडायचे ६००, पाण्याचा पाइप ४००. झाले चार हजार. इलेक्ट्रिशियनचं वेगळंच, चार स्क्वेअर एमएमची वायर मेनपासून ओढली, एमसीबी, सोळा अँपियरचा पॉइंट, ते ३१००. घ्यायच्या आधी सुतळी लावून दोन युनिटांमधलं अंतर मोजा, इनडोअर दोन फूट इकडं सरकवला असता तर माझे पाचशे तरी वाचले असते. हे मला नंतर सुचलं, वाचणाऱ्यांनी आधी सुचवून घ्या.

भोक पाडायला कोअर मशीन आणलेलं. आतनं लावलं, सात-आठ इंच गेलं आणि काळ्या दगडात अडकलं. मग एक पोरगा शिडी लावून बाहेरून छन्नी-हातोडा घेऊन बसला. दोन्हीकडनं भोक मध्ये कुठंतरी भेटलं एकदाचं. मी खाली चहा करायला सांगायला गेलो होतो, वर आलो तर पाइप घालून टेप मारून मोकळे. हे भोक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी तेव्हा दुसऱ्याच गोष्टीवर नजर ठेवून होतो. व्हॅक्यूम पंप कुठाय विचारलं तर म्हणे साहेब नवीन मशीनला लागत नाही, जरा गॅस सोडून पाइपातली हवा काढतो की. मी व्हिडिओ बघून तयारच होतो. म्हटलं आर-३२ पेट घेणारा गॅस आहे, असा सोडायचा नाही, आणि पाइपात ओल राहिली तर पुढं कॉम्प्रेसरची वाट लागणार, पंप आणल्याशिवाय सही करणार नाही. अर्धा तास फोनाफोनी, शेवटी संध्याकाळी दुसरा एकजण स्कूटरवर पंप घेऊन आला आणि अर्धा तास चालवला. तिथं मी जिंकलो. आणि त्या आनंदात पाण्याच्या पाइपाकडं ढुंकून बघितलं नाही.

पहिले दोन आठवडे काय सांगू. दहा मिनिटांत खोली गार, आवाज नाही, आई खालनं चटई घेऊन वर झोपायला आली. रिमोट दाबला की २४ वर सुरू होतोय, २०२० पासून स्टारवाल्या सगळ्या एसींना तो नियमच आहे. आम्ही पंखा एकवर ठेवून २६-२७ वर आलो, रात्रीच्या आठ तासांना चार-साडेचार युनिट. पण पोरगं दुपारीपण लावायचं, सुट्टी होती त्याला.

मग बिल. गृहज्योती, कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पण तिचं गणित एसीवाल्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. २०२२-२३ ची तुमची महिन्याची सरासरी अधिक दहा टक्के, तेवढे युनिट फुकट. माझी सरासरी ११८, म्हणजे फुकट १३० च्या आत-बाहेर. त्याच्या वर गेला पण २०० च्या आत राहिला तर वरच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडले की सगळं बिल तुमचं, पहिल्या युनिटापासून. मे महिन्याचं माझं रीडिंग २१२. बारा युनिटांसाठी अठराशेच्या वर बिल. बारा! म्हणजे पोराच्या तीन-चार दुपारी. त्या दिवसापासून रोज सकाळी दात घासत मीटर बघतोय मी, वहीत लिहून ठेवतोय, बायको म्हणते देवाला नमस्कार करायच्या आधी मीटरला करतोस.

आणि गंमत बघा, बिल हातात यायच्या आधीच उन्हाळा संपला. २०२५ चा मे आठवतोय ना, वीस तारखेच्या आसपास जो लागला तो लागलाच, २४ मेला तर मान्सून केरळात पोचलापण. ४५ हजार घालून मी तीन आठवड्यांची थंडी घेतली होती. तेव्हा कोणी विचारलं असतं तर एकच सांगितलं असतं, घेऊ नका, दोन कूलर आणा.

जूनमध्ये मत बदललं आणि ते थंडीमुळं नाही. आपल्याकडं पाऊस म्हणजे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, दोऱ्यांवरनं घर झोपाळ्यासारखं दिसतंय, पोराच्या युनिफॉर्मला तो कुबट वास, सॉक्स तव्याच्या कडेला. एक दिवस बायकोनं खोलीतच दोरी बांधली आणि ड्राय मोड लावला, रिमोटवर ते थेंबाचं चित्र असतंय ना, ते बटण आम्ही तोवर दाबलंच नव्हतं. दोन तासांत जीन्स सोडून सगळं वाळलं. सव्वा-दीड युनिट. बाहेरच्या पाइपाखाली तेलाचा डबा ठेवला होता, त्यात तीन लिटर पाणी! कपड्यांतलं आणि खोलीच्या हवेतलं मिळून तीन लिटर, आणि असल्या ओलीत आम्ही झोपत होतो. बेळगाव-खानापूर पट्ट्यात एसी घ्यायचा तर पावसाळ्यासाठी घ्या, उन्हाळा त्यावर बोनस, असं मी तेव्हा चार जणांना सांगत सुटलो.

जुलैत भिंत ओली झाली.

आधी वाटलं स्लॅब गळतोय. मग कळलं एसी बंद असला की भिंत सुकतेय. उन्हाळ्यात हवा कोरडी, पाणी थोडं, ते कसंबसं जात होतं, आता धार लागली तर अर्धी बाहेर आणि अर्धी पुट्टीत. हेल्पलाइनला फोन लावला, मराठी दाबलं. बाई गोड बोलल्या, पिनकोड विचारला, ५९ ऐकल्यावर म्हणाल्या सर तुमचा एरिया कर्नाटकात येतो, मी कॉल ट्रान्सफर करते. तिकडं कन्नड. माझं कन्नड भाजी मार्केटपुरतं, तरी हिम्मत करून म्हटलं, ‘नीर सोराकत्तैत्री’, म्हणजे पाणी गळतंय. पलीकडचा खूश झाला आणि धडाधड पाच मिनिटं बोलला, त्यातलं मला हुबळी एवढंच कळलं.

पहिला आलेला म्हणाला फिल्टर घाण आहे. फिल्टर घाण होता हे खरंय, आमच्या गल्लीत यंत्रमाग, सुताचा भुसा हवेत असतोच, पुस्तकात महिन्यातनं एकदा धुवा लिहिलंय पण मला दर रविवारी धुवायला लागतोय, निघतोय तो अक्षरशः कापसाचा गोळा. पण भिंत त्यानं ओली होत नव्हती. दुसरा आला, टेप बदलून गेला. तिसरा म्हणाला पाऊसच जास्त आहे साहेब. तिघांनीही आपल्या मोबाइलवर तक्रार ‘सॉल्व्ह’ म्हणून बंद केली, ओटीपी माझ्याकडनंच घेऊन. हे लिहून ठेवा, पाणी थांबल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. चौथ्यांदा मी दिला नाही तर तो माणूस जिन्यात बसून राहिला, शेवटी आईनं त्याला पोहे दिले.

त्यात शेजारच्या काकू. बाहेरचं युनिट आणि पाइपाचं टोक त्यांच्या परड्याकडं. मेमध्ये त्यांच्या सांडग्यांवर टपटप झालं होतं, तेव्हापासून बोलणं बंद, कचरा टाकतानासुद्धा तोंड फिरवायच्या.

शेवटी ऑगस्टमध्ये ओळखीतनं एक म्हातारे मिस्त्री मिळाले, फ्रिज-एसीचं काम करणारे. हत्यारांच्या पिशवीतनं त्यांनी काय काढलं, तर लेव्हलची पट्टी आणि पाण्याची एक बाटली. फिल्टर काढून बाटली सावकाश आतल्या कॉइलवर ओतली, मला खाली पाठवलं टोकाला बघायला. अर्धी बाटली झाली तरी थेंब नाही. मग पट्टी भोकात घातली आणि मला हाक मारून दाखवली, बुडबुडा पार बाहेरच्या बाजूला.

‘हे बघा, भोक आत उतरूलालंय. पाणी भाईर कसं जाणार?’

‘पण मामा, कंपनीची चार माणसं बघून गेली की ओ.’

‘पाण्याला कंपनी कळत नाही, उतार कळतोय.’

आतलं तोंड बाहेरच्यापेक्षा इंचभर खाली. मशीन आतनं, छन्नी बाहेरून, दुसरं काय होणार. दीड फुटाच्या भिंतीत पाणी चढ चढून जायचं होतं बिचारं. मिस्त्रींनी बाहेरच्या बाजूनं भोक खाली खरवडलं, तो नळ्यानळ्यांचा लवचीक पाइप काढून टाकला, मधे पोट सुटून त्यात पाणी थांबतंय म्हणाले, त्याजागी पाऊण इंची पीव्हीसी घातला एकसारख्या उतारानं, भिंतीतल्या भागाला फोम गुंडाळला म्हणजे गार पाइपाला घाम येऊन भिंत परत ओली व्हायला नको. टोक बादलीच्या वर वीतभर, पाण्यात बुडवायचं नाही, बुडलं की हवा अडून पाणी मागं येतंय. परत बाटली ओतली, खाली धार. १२०० रुपये घेतले. एवढं काम पहिल्या दिवशी झालं असतं तर पुट्टी-रंगाचे २६०० वाचले असते.

काकूंचं तोंडपण त्या बादलीनंच उघडलं. आता ते पाणी त्या नेतात, झाडांना आणि फरशीला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालावं असा माझा विचार होता, डिस्टिल्डचे पैसे वाचतील म्हणून, पण मिस्त्री ओरडले, त्यात कॉइलवरची धूळ असतेय, बॅटरी घालवून बसशील.

सप्टेंबरमध्ये आणखी एक. २२ तारखेला एसीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. कागद घेऊन बसलो, माझ्या ३८ हजारात करच आठ हजार तीनशे होता, नव्या दरानं तेच मशीन पस्तीस हजाराला पडलं असतं. जवळपास तीन हजार, पाच महिन्यांसाठी. हे कोणाच्या अंगावर घालावं कळेना म्हणून बायकोला म्हटलं तू घाई केलीस. त्यावर दोन दिवस जेवण गारच मिळालं, एसी न लावता.

असो. मीटरची वही सांगते की मेनंतर एकदाही २०० ओलांडले नाहीत, एका पावसाळी महिन्यात १९७ वर थांबलो. स्टॅबिलायझर घेतला नाही, माग सुरू झाले की दिवे जरा फडफडतात पण एसीला काही झालेलं नाही. मोबाइल ॲप एकदा उघडलं, परत नाही.

आता परवाचं. मिस्त्रींना फोन लावला, वर काही हात लावू नको, आधी टोक बघ म्हणाले. सकाळी काकूंच्या परड्यात स्टूल लावून चढलो तर पाइपाचं तोंड मातीनं बंद. कुंभारीण माशीनं घर केलेलं, लिंपून एकदम गुळगुळीत. छत्रीच्या काडीनं उकरलं तर आतनं वाळक्या मातीचे तुकडे आणि बारीक बारीक कोळी पडले, पिल्लांसाठी साठवून ठेवलेले. मागनं रात्रभराचं पाणी सगळं माझ्या बाहीत. काकू खालनं विचारताहेत, माझी बादली कुठाय?

टोकाला चहाची जुनी गाळणी कापून तारेनं बांधली आहे. जुनी होती असं मला वाटलं होतं.